दहाव्यांदा मरताना

अटारी कंपनीच्या ‘मिसाइल कमांड’ या व्हिडिओ गेममध्ये राखायला सहा शहरं असतात, आणि ती राखायला तीन तळ, प्रत्येकावर दहा क्षेपणास्त्रं. वरून शत्रूच्या अस्त्रांच्या रेघा उतरत राहतात. ट्रॅकबॉल (यंत्रात बसवलेला चेंडू) फिरवून नेम धरायचा तो रेघेच्या टोकावर नाही, टोकाच्या थोडं पुढे. आपलं अस्त्र तिथे पोचायला वेळ लागतो, आणि शत्रूचं अस्त्र मरतं ते आपल्या स्फोटाच्या फुगत जाणाऱ्या गोळ्यात शिरल्यामुळे. तीसच्या तीस उडवून झाली की ती फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. वाचलेल्या शहरांचे आणि उरलेल्या अस्त्रांचे गुण मिळतात, पुढची फेरी आणखी जोरात येते. जिंकायची सोय या गेममध्ये मुळातच नाही. ठरावीक गुणांमागे एखादं शहर परत मिळतं, तेवढीच मुदतवाढ. शेवटचं शहर गेलं की पडद्याच्या मध्यातून एक स्फोट फुगत फुगत कडांकडे जातो आणि त्यात दोन शब्द उमटतात: ‘द एंड’.

हा गेम १९८० सालचा. तेव्हा बाकीच्या यंत्रांवर ‘गेम ओव्हर’ लिहून येई, म्हणजे तुमचा डाव संपला, दुसरं नाणं काढा. डेव्ह थ्युरर या रचनाकाराने तेवढी एक पाटी बदलली आणि डावाच्या जागी जगच संपवून टाकलं. ती सहा शहरं आधी कॅलिफोर्नियातली खरी शहरं होती, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे. नावं नंतर काढून टाकली गेली, त्यामुळे खेळणारा आपापलं गाव तिथे बसवायला मोकळा. गेम बनवण्याच्या काळात थ्युररला अणुस्फोटाची दुःस्वप्नं पडत, हे त्याने पुढे सांगितलं आहे. शेवट पाहिला की ते पटतं.

आता जरा हिशेब करू. गेममधला विजय बहुधा एकदाच येतो. शेवटचा राक्षस एकदा मरतो, नायक मात्र त्याच्यापायी पन्नासदा. म्हणजे चित्रकार, ध्वनिकार, प्रोग्रामर यांनी उपसलेल्या कष्टांपैकी खेळाडू सगळ्यांत जास्त वेळा पाहतो ते स्वतःचं मरण. म्हणून असं दृश्य जोखायचं ते पहिल्या खेपेवरून नाही, दहाव्या खेपेवरून. पहिल्या खेपेला नाट्य पुरतं. दहाव्या खेपेला खेळाडूला दोनच गोष्टी हव्या असतात: मी कशाने मेलो ते कळू द्या, आणि खेळ लवकर हातात परत द्या. ‘मिसाइल कमांड’ दोन्ही देतो. कुठली रेघ सुटली ते डोळ्यांसमोर असतं, आणि तो भयंकर शेवट काही सेकंदांत आटोपतो.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या पुढच्या यंत्रांना मात्र यातल्या पहिल्या गोष्टीत फारसा रस उरला नाही. त्यांचा धंदा नाण्यांचा. एका नाण्यात गिऱ्हाईक फार टिकलं तर मागे रांग खोळंबते, झटपट मेलं तर ते परत फिरकत नाही. ढोबळ हिशेब दोन-तीन मिनिटांचा. मग मरणाचा देखावा बेतला गेला तो हात पुन्हा खिशात जावा म्हणून. टेक्मोच्या १९८८च्या ‘निन्जा गायडेन’च्या पार्लर आवृत्तीत मेल्यावर नायक आडवा बांधलेला दिसतो. वरून गरगरती करवत त्याच्या छातीकडे उतरते आणि आकडे उलटे मोजले जातात. नाणं टाका, सुटला. नाही टाकलं तर किंकाळी आणि लाल पडदा. पुढच्याच वर्षीच्या कॅपकॉमच्या ‘फायनल फाइट’मध्ये करवतीऐवजी डायनामाइटची पेटलेली वात. ‘स्ट्रीट फायटर टू’ (१९९१) त्याहून धूर्त. तिथे जीव धोक्यात नाहीच, फक्त हरलेल्या लढवय्याचा सुजून काळानिळा झालेला चेहरा आणि शेजारी मोजणी. करवत आपल्याला घाबरवते, तो चेहरा आपल्याला चिडवतो, आणि चिडलेला माणूस जास्त नाणी टाकतो. पण तिन्ही देखावे ‘कशाने मेलास’ याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते वसुलीचे देखावे आहेत, आणि वसुलीचं काम त्यांनी चोख केलं.

त्याआधीचा तैतोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) यापेक्षा प्रामाणिक होता. पाच रांगा, प्रत्येकीत अकरा शत्रू. तोमोहिरो निशिकादो यांनी उभारलेल्या यंत्राला एवढे सगळे एकदम काढताना धाप लागे. शत्रू मरत गेले की काढायचे कमी उरत आणि उरलेले आपोआप वेगाने सरकू लागत. निशिकादोंनी ही अडचण दुरुस्त न करता तशीच ठेवली, आणि आपण जितके जिंकत येतो तितका धोका वाढतो हे सूत्र त्या खेळाला फुकटात मिळालं. एक जरी शत्रू खाली टेकला तर हातात कितीही लाइफ शिल्लक असोत, डाव खलास. देखावा असा काही नाही, पण तो एक जण टेकताना दिसलेला असतो. नव्या डावात पुन्हा सगळे पंचावन्न समोर. पहिले पाढे पंचावन्न हे इतकं शब्दशः क्वचितच पाहायला मिळतं.

घरच्या आणि शाळेतल्या संगणकांवर नाण्याची भानगड नव्हती, तेव्हा तिथे मरणाला वेगळी कामं मिळाली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून आलेला ‘ओरेगॉन ट्रेल’ हा शैक्षणिक गेम: एकोणिसाव्या शतकातल्या बैलगाड्यांच्या तांड्याने पश्चिमेकडे जायचं. १९८५च्या ॲपल टू आवृत्तीत माणसं कॉलऱ्याने, आमांशाने, साप चावून मरतात, आणि कारण एका ओळीत सांगितलं जातं. सगळा तांडा संपला की थडग्यावर काय लिहायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. तो मजकूर फ्लॉपीवर साठवला जाई, आणि तीच फ्लॉपी घेऊन खेळणाऱ्या पुढच्या पोराला वाटेत ते थडगं लागे. दुसऱ्याचं अपयश रस्त्याच्या कडेला उभं दिसणं ही कल्पना इतकी चांगली आहे की ती पुढे कुणी ना कुणी पुन्हा शोधून काढणारच होतं.

सिएरा कंपनीच्या साहसी गेममध्ये मरण हा टोमण्याचा विषय. कड्यावरून पाऊल घसरलं की एक चौकट, तीत एखादी कुजकी कोटी, आणि खाली तीन पर्याय: रिस्टोअर, रिस्टार्ट, क्विट. कोट्या मजेदार होत्या. दुखणं वेगळं होतं. ‘किंग्ज क्वेस्ट फाइव्ह’मध्ये (१९९०) बर्फाळ डोंगरात राजाला भूक लागते आणि काही खाल्लं नाही तर तो मरतो. जवळ मांसाचा तुकडा असतो आणि बेकरीतला कस्टर्डचा ‘पाय’ही (केकसारखा गोड पदार्थ) असतो. दोन्हींनी भूक भागते. पण पुढे हिममानव आडवा येतो, आणि त्याच्या तोंडावर फेकायला तो ‘पाय’च लागतो. खाऊन टाकला असेल तर मरण अटळ, कितीदा रिस्टोअर करा, कारण सेव्हसुद्धा बहुतेक खाल्ल्यानंतरचं. गेम हे कुठेही सांगत नाही. चूक एका ठिकाणी, शिक्षा कितीतरी पुढे, आणि मधलं अंतर खेळाडूने अंदाजाने भरायचं. असा गेम हरल्यावर शिकण्यासारखं उरतं ते एकच: काहीही खाऊ नका.

परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट, म्हणजे सापशिडीचं जुनं रूप, या बाबतीत सिएराच्या पुढे होता. सापाच्या तोंडाच्या घरात दुर्गुणाचं नाव लिहिलेलं असे. घसरण आणि तिचं कारण एकाच घरात. फासा कसा पडला यात सोंगटीचा दोष काय, हा प्रश्न वेगळा.

सिएराच्या या खोडीविरुद्ध १९८९ साली रॉन गिल्बर्टने सविस्तर लिहिलं आणि पुढच्या वर्षी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ करून दाखवला, ज्यात नायक जवळजवळ मरतच नाही. एका ठिकाणी तो कड्यावरून कोसळतो, सिएराच्या थाटातली चौकट येते, आणि क्षणभराने तो रबराच्या झाडावर आपटून उसळून परत वर येतो. खरं मरण एकच ठेवलं आहे: समुद्राच्या तळाशी तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी त्याची बढाई असते, आणि खरोखर दहा मिनिटं तिथे काही न करता बसून राहिलात तर तो बुडतो. हे पाहायचं तर मुद्दाम घड्याळ लावून बसावं लागतं. बसलेले लोक आहेत.

मरण दाखवण्याच्या कलेत खरी उडी मारली ती फ्रान्सच्या एरिक शाहीने. ‘अनदर वर्ल्ड’ (१९९१) त्याने संगीत सोडून जवळजवळ एकट्याने केला. प्रयोगशाळेतल्या अपघाताने लेस्टर हा शास्त्रज्ञ परक्या जगातल्या एका पाण्याच्या डोहात येऊन पडतो. सुरुवातीचं चलचित्र इथे संपतं आणि खेळ आपल्या हातात येतो, पण तसं कुणी सांगत नाही. अजून चित्रच चालू आहे असं समजून बसलात तर खालून भुजा वर येतात आणि लेस्टरला ओढून नेतात. पहिलं मरण, पहिल्या काही सेकंदांत, आणि त्याने शिकवलेला धडा पुढे गेमभर पुरतो: इथे बघत बसायचं नाही. वर आलात की जळवांसारखे काळे किडे. एकाने गाठलं की चित्र कापून अगदी जवळचा कोन येतो, नखी पायावरून फिरते, लेस्टर कोसळतो. म्हणजे वार कुठे झाला, कशाने झाला, विष होतं, सगळं एका तुकड्यात कळतं. पडद्यावर गुण नाहीत, जिवाचा पट्टा नाही, लाइफ नाहीत. सांगायचं ते सगळं मरणाच्या दृश्यांतूनच सांगायचं असं शाहीने जणू ठरवून टाकलं होतं. हे त्याला परवडलं याचं कारण तांत्रिक आहे. त्याची चित्रं ठिपक्या-ठिपक्यांची साठवलेली नव्हती, सपाट रंगांच्या बहुभुजांनी बनत. एका हालचालीला साठवणीत फार कमी जागा लागे. म्हणून एकदाच दिसणाऱ्या मरणासाठीसुद्धा वेगळा तुकडा करता आला.

शाहीची एक चूक मात्र झाली, आणि ती त्याच्या नंतर वीस वर्षं बाकीचे करत राहिले. मेल्यावर आपण परत येतो ते कधी कधी खूप मागे. मग तोच जिना, तोच पहारेकरी, तोच दरवाजा. ‘लिंबो’ने (२०१०, डेन्मार्कचं प्लेडेड) ते ओळखलं. तिथलं मरण शाहीपेक्षा क्रूर आहे: गवतात लपलेल्या सापळ्यात पाय पडला की काळ्या सावलीसारख्या मुलाचं मुंडकं वेगळं होतं. पण पडदा मिटतो आणि आपण त्याच सापळ्याच्या चार पावलं अलीकडे उभे असतो. त्याच वर्षीच्या ‘सुपर मीट बॉय’ने मधला काळोखही काढून टाकला. मेलात की त्याच श्वासात सुरुवातीला, संगीतसुद्धा तुटत नाही. भिंतींवर आधीच्या प्रयत्नांचं रक्त तसंच राहतं, त्यावरून कुठली उडी चुकतेय ते कळतं. पातळी पार झाली की सगळे प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावतात, चाळीस मीट बॉय एकत्र निघतात, कुणी करवतीवर, कुणी खड्ड्यात, आणि एकटा पोचतो. नाट्य आहे, पण ते जिंकल्यानंतर ठेवलंय. मरताना त्याला वाटेत येऊ दिलेलं नाही.

मरणाचं दृश्य प्रत्यक्षात जोडतात कसं, तेही पाहू, कारण बिघडतं ते बहुधा जोडकामात. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर एक चौकट साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्राणघातक वार लागला की पहिल्यांदा सगळं चित्र पाच-सहा चौकटी थिजवतात. एवढा वेळ डोळ्याला कळतही नाही, पण वार वजनदार वाटतो आणि मारणारा कोण होता त्याची नोंद होते. मग बटणं बंद करायची. ही पायरी विसरली जाते आणि घोटाळा होतो: खेळाडू जिवाच्या आकांताने बटणं बडवत असतो, त्यातलंच एक ‘पुढे चला’चं निघतं, आणि आपण मेलो हे कळायच्या आत तो पुन्हा सुरुवातीला. मृत्यूनंतरचं पहिलं अर्ध्या सेकंदाचं दाबणं मोजायचंच नाही, हा साधा उपाय. मग कॅमेरा मागे घ्यायचा, मारेकरी आणि प्रेत दोघं चौकटीत येतील इतका. अरुंद बोळात हा कॅमेरा भिंतीत शिरतो, म्हणून त्याला वेगळी अडवणूक लावावी लागते. आवाजातल्या वरच्या पट्ट्या कापतात, त्यामुळे सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. मग शब्द, मग लोड.

लांबलचक मरणदृश्यांचं खरं गुपित या शेवटच्या पायरीत होतं. डिस्कवरून वाचणाऱ्या यंत्रांना आधीची जागा पुन्हा उभी करायला बरेच सेकंद लागत. तेवढा वेळ काळा पडदा दाखवण्यापेक्षा प्रेत दाखवलेलं बरं. आता साठवण वेगवान झाली, तरी लांब दृश्यं सवयीने राहिली.

सगळ्यांत वाईट बिघाड ऑटोसेव्हचा, म्हणजे गेमने आपोआप केलेल्या साठवणीचा. हातबॉम्ब हवेत असताना सेव्ह झालं तर लोड केल्या क्षणी स्फोट, पुन्हा लोड, पुन्हा स्फोट. म्हणून सेव्ह करण्याआधी तपासायचं: पाय जमिनीवर आहेत ना, जवळपास कुणी सावध झालेला शत्रू नाही ना, जीव ठरावीक पातळीच्या वर आहे ना, आणि तरीही निदान दोन-तीन जुनी सेव्ह फिरती ठेवायची. दुसरा बिघाड आळशीपणाचा: चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर परत येण्याची जागा, संवादाच्या अलीकडे ठेवणं आणि तो संवाद ओलांडू न देणं. राक्षसाचं तेच दर्पोक्तीचं भाषण दहाव्यांदा ऐकताना त्याची भीती वाटत नाही, त्याच्या लेखकाचा राग येतो.

दहाव्या खेपेचा मुद्दा ‘कॉल ऑफ ड्यूटी’त फार चांगला दिसतो. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या गेममध्ये मेल्यावर पडद्यावर युद्धाविषयी थोरामोठ्यांची वचनं येत. पहिली चार वाचली जातात. पण हातबॉम्बने मेलात तर वचन येत नाही, बॉम्बचं चिन्ह दिसतं आणि हे चिन्ह पडद्यावर आलं की पळा असं सांगितलं जातं. एवढी साधी ओळ सगळ्या तत्त्वज्ञांपेक्षा जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे सायबर कॅफेंतून वाढलेल्या पिढीला पाठ असलेलं ‘व्हाइस सिटी’चं ‘वेस्टेड’ त्याहून आखूड: चित्र मंदावतं, अक्षरं येतात, आणि आपण इस्पितळाच्या दारात, हत्यारं गायब. कारण विचारायची गरजच नसते, बहुतेकदा आपणच काहीतरी आगाऊपणा केलेला असतो.

रक्तबंबाळ मरणांचा प्रकार मात्र वेगळ्या वळणाने जातो. ‘रेसिडेंट इव्हिल फोर’मध्ये (२००५) चेनसॉ घेतलेला माणूस जवळ आला तर नायकाचं डोकं एका फटक्यात जातं. जिवाचा पट्टा भरलेला असो वा रिकामा, फरक नाही. हे क्रूर आहे आणि उपयोगीही आहे: त्या आवाजाला यापुढे किती अंतर द्यायचं हे कायमचं कळतं. २०१३च्या ‘टूम रेडर’मध्ये नायिका लारा नदीच्या प्रवाहात वाहत जाताना चुकली की लोखंडी गज तिच्या गळ्यातून आरपार जातो आणि कॅमेरा तिथेच रेंगाळतो. इथे कळण्यासारखं काय आहे? गज लागला. ते पहिल्या पाव सेकंदात कळलं होतं. उरलेला वेळ निव्वळ प्रदर्शन, आणि प्रदर्शनाचं जे होतं तेच झालं: लोक मुद्दाम मरून सगळ्या तऱ्हा गोळा करू लागले, त्यांच्या संकलनाचे व्हिडिओ निघाले. भीतीचा देखावा पाहता पाहता संग्रहाची वस्तू होतो. ‘डेड स्पेस टू’ने (२०११) यातून वाट काढली. तिथे नायकाला स्वतःच्या डोळ्यात यंत्राची सुई घालून घ्यायची असते. डोळा भिरभिरतो, सुई बुबुळाच्या समोर आली की दिवा निळा होतो, तेव्हाच तिला पुढे ढकलायचं. घाई केली की यंत्र कोसळतं आणि पुढचं विचारू नका. पण त्या दृश्याची भीती चुकल्यावर नाही, चुकण्याआधीच्या मिनिटभरात आहे.

हरल्यावरचं दृश्य संदर्भ सोडून पाहिलं तर काय होतं याचा दाखला थेट अमेरिकन सिनेटमध्ये मिळतो. डिसेंबर १९९३मध्ये सिनेटर जो लीबरमन आणि हर्ब कोल यांच्यापुढे गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या जोडीला आरोपी होता ‘नाइट ट्रॅप’, सेगाच्या सीडी यंत्रावरचा, प्रत्यक्ष नटनट्यांना घेऊन १९८७मध्ये चित्रित केलेला. घरभर आठ कॅमेरे, ते आळीपाळीने चाळत राहायचं, काळ्या कपड्यांतले घुसखोर दिसले की सापळ्याचं बटण दाबायचं आणि मुलींना वाचवायचं. सुनावणीत गाजला तो नाइटगाउनमधल्या तरुणीला घुसखोर पकडतात तो तुकडा, आणि मुलींना मारणं हाच खेळ आहे असं चित्र उभं राहिलं. तो तुकडा दिसतो तेव्हा खेळाडू हरलेला असतो. बनवणारे हेच सांगत राहिले, पण हे ऐकायला कुणी तयार नव्हतं. मोठ्या दुकानांनी गेम काढून टाकला आणि १९९४मध्ये वयानुसार शिक्के मारणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली. निर्मात्यांचं पूर्ण खरं मानूनही एक गोष्ट खटकते: वाचवण्याच्या खेळात सगळ्यांत निगुतीने चित्रित केलेला प्रसंग न वाचवल्याचा का असावा?

दुसरीकडे काही देशांत मरणाचं रूपच बदलून टाकतात. जर्मन ‘हाफ-लाइफ’मध्ये शास्त्रज्ञाला गोळी लागली की तो खाली बसून मान हलवत राही. टेन्सेंटच्या चिनी ‘गेम फॉर पीस’मध्ये (२०१९) गोळी लागलेला गडी गुडघ्यावर बसतो, आपल्या सामानाची पेटी मारणाऱ्याला देतो आणि हात हलवून निरोप घेतो. भारतात पबजीवर बंदी आल्यानंतर २०२१मध्ये आलेल्या बीजीएमआय या तिच्या भारतीय आवृत्तीमध्ये रक्त हिरवं झालं आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आलं. गंमत म्हणजे दहाव्या खेपेच्या कसोटीवर याने काहीच बिघडत नाही. गोळी कुठून आली ते कळतं, लॉबीत परत जाता येतं. रक्ताचा रंग कुणाच्या लक्षातही राहत नाही, चिडचिड होते ती झुडपात दबा धरून बसलेल्याची.

मग पराभव लक्षात कशाने राहतो? काही खाली पडून राहिलं तर. ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) ‘यू डाइड’ ही अक्षरं सावकाश उमटतात, पण खरी गोम त्यानंतर. कमावलेलं सगळं मेलात तिथे पडून असतं, ते उचलायला एकच संधी, आणि वाटेतले शत्रू पुन्हा उभे. त्या जागेकडे परत चालत जाणं हेच नाट्य, आणि ते खेळाडू स्वतः रचतो. जमिनीवर इतरांचे रक्ताचे डाग दिसतात. हात लावला की त्या अनोळखी खेळाडूचे शेवटचे काही क्षण भुतासारखे समोर घडतात. कड्याच्या टोकाला दहा डाग असले तर तिथे उडी मारू नये हे कळायला पाटी लागत नाही. ओरेगॉनच्या वाटेवरचं ते थडगंच हे, फ्लॉपीच्या जागी इंटरनेट.

त्याच कंपनीच्या ‘सेकिरो’ने (२०१९) शिक्षा शेजाऱ्यांवर ढकलली. नायक मरून पुन्हा उठू शकतो, पण फार वेळा मेला की भेटलेली माणसं खोकू लागतात. आजार पसरतो तसा मरताना अर्धे पैसे आणि अर्धा अनुभव वाचण्याचा संभवही उतरतो, जो सुरुवातीला ३० टक्के असतो. धमकी मोठी वाटते. प्रत्यक्षात त्या आजाराने कुणी मरत नाही, त्यांच्या गोष्टी अडकून राहतात, आणि औषधाने सगळी एकदम बरी होतात. ‘हेलब्लेड’ (२०१७) याहून एक पाऊल पुढे, सरळ थाप मारतो. सुरुवातीलाच सांगतो की प्रत्येक अपयशागणिक नायिका सेनुआच्या हातावरची काळी सड वर चढेल आणि डोक्यापर्यंत पोचली की आतापर्यंतची सगळी प्रगती पुसली जाईल. पुसली जात नाही. लोकांनी मुद्दाम मरत राहून तपासलं. मनाच्या आजाराशी झुंजणाऱ्या नायिकेची धास्ती खेळाडूच्या अंगात उतरवायला ही थाप चालली, पण ती एकदाच चालते. ज्याला ठाऊक झालं त्याच्यासाठी ती सड नुसता रंग.

थाप न मारणारा गेम म्हणजे ‘स्टील बटालियन’ (२००२). त्याच्यासोबत दोन दांडे, तीन पेडल आणि चाळीसेक बटणांचं अख्खं टेबलभर यंत्र येई. एका बटणावर पारदर्शक झाकण: इजेक्ट. आपण आत बसून चालवतो ते रणयंत्र फुटायच्या आत झाकण उघडून ते दाबलं नाही तर चालक मेला, आणि सेव्ह खरोखर पुसलं गेलं. वेळेत दाबलं पण नवं रणयंत्र घ्यायला पुरेसं गाठीशी नसेल तरी संपलंच.

या सगळ्यांत ल्युकस पोपचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) उजवा ठरतो, आणि त्यात हरणं म्हणजे एक छापील चिठ्ठी. आपण सीमेवरचे तपासनीस. पासपोर्ट, परवाना, शिक्का, तारीख जुळवायची. माणसामागे पाच क्रेडिट. चूक झाली की तो माणूस चौकी ओलांडतो, आणि लगेच टेबलावरचा प्रिंटर खरखरतो: काय चुकलं, कुठला नियम मोडला. कारण ताबडतोब, लेखी. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पैसे कापले जातात. संध्याकाळी हिशेबाचा पडदा येतो: बचत, पगार, दंड, भाडं, आणि अन्न, शेक, औषध यांपुढे खुणेचे चौकोन. पैसे पुरत नसतील तर एखादी खूण काढायची. बाजूला बायको, मुलगा, सासू, काका आणि प्रत्येकापुढे एक शब्द. ‘ठीक’चं ‘भुकेला’ होतं, ‘थंडीने गारठलेला’ होतं, ‘आजारी’ होतं. मरणाचं चित्र नाही, संगीत नाही, फक्त शब्द बदलतो. आणि दहाव्या संध्याकाळीही तो पडदा झरझर पुढे ढकलता येत नाही, कारण तिथे निर्णय घ्यायचा असतो. बाकी गेममध्ये खेळ थांबतो तेव्हा पराभव दिसतो, इथे तो दिसतो तेव्हाच खेळावं लागतं.

असा खेळता येणारा पराभव हिदेओ कोजिमाने त्याआधी २००४मध्ये, ‘मेटल गिअर सॉलिड थ्री’त, एकदाच आणि खोडसाळपणे केला होता. द सॉरो हा प्रतिस्पर्धी आधीच मेलेला आहे, त्याच्याशी लढता येत नाही. नदीतून उलट्या प्रवाहात चालायचं, आणि समोरून येतात ती तुम्ही आतापर्यंत मारलेल्या सैनिकांची भुतं. कमी मारले असतील तर नदी जवळपास रिकामी. शेवटी नायक मरतो आणि मृत्यूचा नेहमीचा पडदा येतो, शेकडो वेळा पाहिलेला. हात सवयीने ‘कंटिन्यू’वर जातो आणि नदी पुन्हा पहिल्यापासून. करायचं असतं ते वेगळंच: त्या पडद्यावरही सामानाची खिडकी उघडते, आणि तिच्यात शुद्धीवर आणणारी गोळी असते.